पावकीपासून ऑलिंपियाडपर्यंत



स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला एक अट घातली. डबा, घंटा, पावसातली सहल यांवर भरपूर लेख आले आहेत, तू जरा वेगळे लिही. विषय शोधायला मला दूर जावे लागले नाही. आपल्या तयारीच्या बैठकीत निधीचा विषय निघाला तेव्हा प्राथमिक विभागातल्या मुलांची गणिताची तयारी यावर दोन मते पडली होती. काहींना वाटते की निवडक मुलांची जादा तुकडी काढावी, सराव प्रश्नपत्रिका छापाव्यात आणि शाळेचे नाव पुन्हा गुणवत्ता यादीत आणावे. काहींना वाटते की सगळ्याच मुलांसाठी गणिताची एक खोली करावी. निर्णय संमेलनाच्या दुसऱ्या दिवशीच्या सभेत व्हायचा आहे. त्याआधी, लहान मुलांना अवघड गणितासाठी तयार करण्याचे प्रयोग आपल्याकडे आणि इतरत्र कसे झाले, हे एकदा नजरेखालून घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पाटण्याचा मठ

चाळीसगावजवळ पाटणे म्हणून गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. तिथे एक शिलालेख सापडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, अशी नोंद त्यात आहे. काळ तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा, यादवांच्या राजवटीतला. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि बाजारातल्या मालातून मठाला कोणता वाटा द्यायचा हे त्यात नमूद केलेले आहे. गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी थोडे थोडे देऊन गणिताचा अभ्यास चालवायचा, ही कल्पना आपल्याच मुलखात आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली. आपल्या निधीला एवढी जुनी परंपरा आहे, हे खजिनदारांनी लक्षात घ्यावे!

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. तिच्यातले एक प्रसिद्ध उदाहरण चौथीच्या मुलालाही सोडवता येते. कमळांची एक रास आहे. तिचा तिसरा, पाचवा आणि सहावा हिस्सा तीन देवांना वाहिला, चौथा हिस्सा देवीला वाहिला आणि उरलेली ६ कमळे गुरूंना दिली. तर एकूण कमळे किती? आपण आठवीत असतो तर 'समजा क्ष' असे लिहून बसलो असतो. भास्कराचार्यांची रीत इष्टकर्माची, म्हणजे सोयीची कोणतीही संख्या धरून पाहण्याची. ६० कमळे धरू. हिस्से होतात २०, १२, १० आणि १५, बेरीज ५७. उरली ३. पण उरायला हवीत ६, म्हणजे दुप्पट. म्हणून एकूण कमळे १२०. बीजगणित शिकण्याआधी बीजगणिताची चव देणारी ही रीत आहे. चुकीचे उत्तर धरायला घाबरायचे नाही, ते किती चुकले हे पाहून बरोबर उत्तराकडे जायचे, एवढे तिच्यातून मुलाला कळते.

पावकी, निमकी आणि परवचा

पुढे पंतोजींच्या शाळा आल्या. आपल्या पणजोबांनी धुळपाटीवर अक्षरे गिरवली आणि संध्याकाळी दिवा लागला की परवचा म्हटला. पाढे फक्त पूर्णांकांचे नव्हते. पाव पटीची पावकी, अर्ध्या पटीची निमकी, पाऊण पटीची पाऊणकी, सव्वा पटीची सवायकी, दीड पटीची दिडकी, अडीच पटीची अडीचकी आणि साडेतीन पटीची औटकी. आज हे ऐकून नातवंडे हसतात, पण त्यामागे व्यवहार होता. रुपयाचे सोळा आणे, शेराचे पावशेर, अच्छेर, नवटाक असा हिशेब असताना दर नेहमी अपूर्णांकात येई. सव्वा रुपये दराने चौदा शेर माल घेतला तर सवायकी पाठ असलेला मुलगा 'साडेसतरा' असे तिथल्या तिथे सांगे. साडेतीनच्या दराने सात नग घेतले तर औटकी त्याला 'साडेचोवीस' हे उत्तर देई. त्या शाळेतून निघालेला मुलगा पेढीवर किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरात त्याच दिवशी कामाला लागू शके.

मात्र ही तयारी बहुतांशी ठरावीक घरांतल्या मुलग्यांचीच होती. मुलींच्या आणि वंचित जातींच्या मुलांच्या हाती पाटी येण्यासाठी, १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी सुरू केलेल्या शाळेसारख्या शाळांची वाट पाहावी लागली. दुसरे असे की पाठांतर पक्के असले तरी 'असे का?' विचारण्याची सोय त्या शाळेत फारशी नव्हती. विचारलेच तर उत्तर बहुधा छडीने मिळे. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत मराठीतून गणिताची पुस्तके तयार केली आणि रीत समजावून सांगणारे छापील गणित मराठी मुलांपर्यंत येऊ लागले.

पावकी-निमकीला खरा धक्का बसला तो १ एप्रिल १९५७ रोजी. त्या दिवशी नवे पैसे आले, रुपयाचे शंभर भाग झाले. पाठोपाठ किलो आणि मीटर आले. सवायकीचे काम दशांश चिन्हाने सुरू केले. आपल्या आई-वडिलांची पिढी या दोन जगांच्या मधोमध शिकली. म्हणूनच त्यांना भाजीवाल्याचा हिशेब तोंडी जमतो आणि आपण मोबाइल काढतो.

देवळालीचे मास्तर

शिक्षकांच्या या मेळाव्यात एका शिक्षकाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. ठाण्याला शाळा आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये कॉलेज. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. हे तेच परांजपे, जे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले होते. कापरेकरांनी मात्र १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठाची नोकरी नाही. सोबतीला फक्त संख्या.

त्यांचा ६१७४ पहा. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ करा, पुन्हा ६१७४ च. कोणत्याही संख्येपासून निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही इथेच येता. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. आपल्याकडे अनेकांनी त्याला पोरखेळ म्हटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्याविषयी लिहिले आणि जगाला कापरेकर कळले.

शिक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर हा पोरखेळ म्हणजे खाण आहे. तिसरीतल्या मुलाला हातच्याच्या वजाबाकीची चाळीस उदाहरणे दिली तर तो दहाव्या उदाहरणाला कंटाळतो. हाच खेळ दिला तर चाळीस वजाबाक्या तो आपणहून करतो आणि वर विचारतो, 'तीन अंकांचे काय होते?' (४९५ येते. करून पहा.) अवघड गणिताकडे जाणारे दार असे वजाबाकीतूनही उघडते.

हंगेरीतले मासिक

आता थोडे बाहेर. १८९४ साली हंगेरीतल्या ग्यौर या गावी दानिएल अरान्य नावाच्या शाळाशिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी गणिताचे मासिक काढले. दर महिन्याला उदाहरणे छापायची, मुलांनी उत्तरे टपालाने पाठवायची, चांगली उत्तरे नावासह प्रसिद्ध करायची. पुढे सोडवणाऱ्या मुलांचे फोटोही छापले जाऊ लागले. त्याच वर्षी तिथे शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी स्पर्धाही सुरू झाली. आजच्या गणित स्पर्धांचे मूळ बहुतेक जण तिथे शोधतात. विमानविद्येतले फॉन कारमान, भौतिकशास्त्रातले झिलार्ड आणि टेलर हे त्या स्पर्धेचे विजेते. अरान्यनंतर मासिक सांभाळणारे लास्लो राट्झ हेही बुडापेस्टमधले शाळाशिक्षकच. जॉन फॉन नॉयमनमधली चमक त्यांनी ओळखली आणि विद्यापीठातल्या प्राध्यापकांकडून त्याच्या शिकवणीची सोय केली. आम्ही संगणकवाले ज्या रचनेवर आजही पोट भरतो तिला याच फॉन नॉयमनचे नाव आहे. त्याच शाळेतल्या यूजीन विग्नर यांना पुढे नोबेल मिळाले आणि प्रिन्स्टनमधल्या त्यांच्या खोलीत राट्झ सरांचा फोटो होता.

त्यानंतर १९३४ साली लेनिनग्राडमध्ये आणि १९३५ साली मॉस्कोत शालेय ऑलिंपियाड सुरू झाले. त्यांच्या पाठीशी गणिताची मंडळे उभी राहिली. शाळा सुटल्यावर मुले जमत आणि विद्यापीठातले तरुण गणिती त्यांच्याबरोबर उदाहरणे सोडवत. १९५९ मध्ये रुमानियात पहिले आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड भरले. ही सगळी व्यवस्था मोठ्या मुलांची होती. अगदी लहान मुलांना स्पर्धेत आणले ते मुख्यतः 'कांगारू' स्पर्धेने. ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेवरून स्फूर्ती घेऊन फ्रान्समध्ये १९९१ साली ती सुरू झाली आणि पुढे देशोदेशी पसरली. पाढ्यांपेक्षा चित्रे, घड्या, तराजू, रस्ते यांवरचे प्रश्न तिच्यात अधिक असतात.

आपली चौथी

जून १९८९ मध्ये आपण चौथीत गेलो. पुढच्याच महिन्यात पश्चिम जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग या शहरात भारताचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये उतरला. ब्राउनश्वाइग हे गाउसचे जन्मगाव. शाळेत गुरुजींनी एकापासून बेरीज करत जायला सांगितली आणि लहानग्या गाउसने जोड्या लावून क्षणात उत्तर दिले, ही गोष्ट आपल्याला शंभरापर्यंतच्या बेरजेची म्हणून ठाऊक आहे. एक आणि शंभर, दोन आणि नव्याण्णव, अशा १०१ च्या पन्नास जोड्या म्हणजे ५०५०. त्या गोष्टीचा पुढचा भाग कमी लोकांना माहीत असतो. ब्यूटनर गुरुजींचा बार्टेल्स नावाचा तरुण मदतनीस होता, गाउसपेक्षा आठ वर्षांनी मोठा. वर्गाच्या पुढे गेलेल्या या मुलाबरोबर तो स्वतः बसून गणित शिकू लागला. हाच बार्टेल्स पुढे रशियात कझानला प्राध्यापक झाला आणि तिथे लोबाचेव्स्की त्याचा विद्यार्थी होता. मुलाला उत्तर आले म्हणून गप्प न बसवता त्याच्याशेजारी बसणारा कोणी भेटला, हे गाउसचे नशीब.

आपल्याला हे काही ठाऊक नव्हते. आपल्यासाठी गणिताची स्पर्धा म्हणजे चौथीची स्कॉलरशिप. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी. शाळा सुटल्यावर जादा तास, बाईंनी स्टेन्सिलवर काढलेल्या प्रश्नपत्रिका, शाईने माखलेला त्यांचा पदर आणि दिवसभर शिकवून घसा बसलेला असतानाही 'पुढचा प्रश्न' म्हणणारा आवाज. त्या तासांचे पैसे बाईंनी कधी घेतले नाहीत. स्कॉलरशिपने आपल्या वर्गाचे भले केले हे मान्य केलेच पाहिजे. रक्कम मोठी नव्हती, पण आपल्यातल्या एकाला त्या रकमेतून वह्या-पुस्तके मिळाली आणि त्याची शाळा सुटली नाही, हे त्याने मागच्या भेटीत सर्वांसमोर सांगितले. मुलगी हुशार आहे याचा सरकारी कागद घरात आला म्हणून जिचे लग्न चार वर्षे लांबले, अशीही एक मैत्रीण आपल्यात आहे. नवोदयच्या परीक्षेचेही तसेच. १९८५-८६ मध्ये देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यातले एक आपल्या अमरावतीचे. पाचवीच्या मुलाला अंकगणिताच्या जोरावर घर सोडून चांगल्या शाळेत जाण्याची वाट तिथे मिळाली. गावातल्या मुलांना अशा परीक्षांचा आधार आहे आणि तो काढून घ्यावा असे मी म्हणणार नाही.

पण जादा तासाला पंधरा जण बसत. वर्गात आपण त्रेपन्न होतो. उरलेले अडतीस जण त्या वेळी मैदानावर होते. त्यांतल्या काहींना गणित येत नाही असे त्यांना त्या वर्षी कळले आणि ते त्यांनी आजवर खरे मानले आहे. त्यातला एक आज शेकडो चौरस फुटांच्या फरशीचा अंदाज उभ्या उभ्या सांगतो आणि वर 'मला गणित कधी जमलेच नाही' असेही म्हणतो.

दहावीची परीक्षा देऊन आपण पांगलो त्या १९९६ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड मुंबईत भरले. ७५ देशांची मुले आली होती. आपल्या गावापासून मुंबई एका रात्रीच्या एस.टी.वर होती. मला त्या स्पर्धेचे नाव कळले ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

बहात्तर सेकंद आणि नव्वद मिनिटे

२०१६-१७ मध्ये स्कॉलरशिप चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला नेली गेली आणि तिची रचनाही बदलली. एका पेपरला ७५ प्रश्न आणि दीड तास वेळ. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये दोन दिवस रोज साडेचार तास आणि रोज तीनच प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला ९० मिनिटे. एका परीक्षेत पूर्ण पेपरला जेवढा वेळ, तेवढा दुसरीत एका प्रश्नाला! दोन्हींना आपण 'गणिताची स्पर्धा' म्हणतो आणि एकाच तयारीने दोन्ही साधतील असे समजतो.

बहात्तर सेकंदांसाठी पाढे हवेत, पर्याय गाळण्याची युक्ती हवी, हात बसलेला हवा. ते सरावाने येते. नव्वद मिनिटांसाठी वेगळे काही लागते. लहान आकड्यांवर करून पाहणे, चित्र काढणे, अडकल्यावर न रडता बसून राहणे आणि शेवटी 'असे का' हे दुसऱ्याला पटेल असे सांगणे. कोंबड्या आणि शेळ्या मिळून २० डोकी, ५६ पाय, तर शेळ्या किती? सराव केलेला मुलगा सूत्र लावून ८ सांगतो. विचार करणारा म्हणतो, 'सगळ्या कोंबड्याच असत्या तर ४० पाय झाले असते. सोळा जास्त आहेत. शेळीमागे दोन जास्त, म्हणून आठ शेळ्या.' त्याला सूत्र कोणी दिलेले नसते, तरी तो इष्टकर्मच करत असतो. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला दुसऱ्या मुलाचीच गरज पडली. संगणकाचा प्रोग्राम चालत नाही तेव्हा चार पर्याय कोणी देत नाही.

या दुसऱ्या वाटेवर महाराष्ट्रात चांगले काम झालेले आहे. श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केले आणि तिथे ऑलिंपियाडची तयारी करणारी मुले घडली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात देशाचा संघ निवडीसाठी जमलेला आहे. गणित अध्यापक मंडळांच्या संबोध, प्राविण्य, प्रज्ञा या परीक्षा गावोगावच्या शिक्षकांनी स्वतःच्या वेळातून चालवल्या. आज मुलींच्या युरोपीय ऑलिंपियाडलाही भारताच्या मुली जातात. तरी आपल्यासारख्या गावातल्या मराठी शाळेत यातले फार थोडे पोचते. जे पोचते ते खासगी क्लासच्या जाहिरातीतून. पहिलीच्या मुलाला 'ऑलिंपियाड'च्या नावाखाली पदक विकणारा एक क्लास मी शहरात जवळून पाहिला आहे. फी भरणाऱ्या प्रत्येकाला पदक मिळत होते.

निधीचे काय करावे

आता सभेसाठी माझे म्हणणे. पाटण्याचा मठ, ग्यौरचे मासिक, मॉस्कोची मंडळे आणि देवळालीचे मास्तर यांच्यात एक गोष्ट समान दिसते. परीक्षेची तारीख ठरण्याआधी तिथे उदाहरण सोडवण्याची जागा होती आणि ती जागा एखाद्या शिक्षकाने किंवा गावाने जिवंत ठेवली होती. स्पर्धा नंतर आली. आपण उलट्या बाजूने निघालो तर काही वर्षे यादीत नाव येईल, आणि मैदानावरचे अडतीस जण मैदानावरच राहतील.

म्हणून स्कॉलरशिपचा तास चालू राहावा, पण आपला निधी तिथे जाऊ नये. त्यातून तिसरी ते पाचवीच्या सर्व मुलांसाठी दर शनिवारी एक तासाचा गणित कट्टा चालवावा. निवड चाचणी नको. महिन्याला पाच उदाहरणे शाळेच्या फळ्यावर लागावीत, उत्तरे पेटीत पडावीत आणि ज्याने कारण चांगले सांगितले त्याचे नाव पुढच्या महिन्यात फळ्यावर यावे. उत्तर चुकले तरी कारण चांगले असेल तर नाव यावे. खर्च कागद, ठोकळे, तराजू, थोडी पुस्तके आणि कट्टा सांभाळणाऱ्या शिक्षकांचे मानधन एवढाच. आपल्या बाईंनी जे फुकट केले ते आजच्या शिक्षकांकडून फुकट मागू नये. वर्गावर एक शिक्षक आणि हातात दहा प्रकारचे सरकारी तक्ते, अशी त्यांची स्थिती आपण मागच्या भेटीत पाहिली आहे.

उदाहरणे मी पाठवीन. पहिल्या वर्षाची साठ तयार आहेत. आपल्यात तीन शिक्षक, दोन बँकवाले, एक सुतारकामाचा व्यावसायिक आणि फरशीवाला मित्र आहे. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगली उदाहरणे असतील. ज्यांना वाटते की यादीतले नाव दिसले नाही तर पालक मुलांना आपल्या शाळेत घालणार नाहीत, त्यांची काळजी खोटी नाही. पटसंख्या घटते आहे हे मलाही दिसते. त्यांनी सभेत बोलावे. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसणार आहे.

तोवर घरातल्या नातवंडाला, भाच्याला किंवा स्वतःला हे उदाहरण घाला. ६१७४ ला पोचायला सात पायऱ्या लागतील अशी एक संख्या शोधा. घाई नाही. नव्वद मिनिटे लागली तरी चालतील.

— एक माजी विद्यार्थिनी, १९९६ ची तुकडी